तळटीप : क्रूस

१. क्रूस : मराठी बायबलातला ‘वधस्तंभ’. रोमन सत्ता गुलामांना आणि बंडखोरांना ज्यावर चारचौघांदेखत हाल करून मारी, तो हा खांब. पंतय पिलात या सुभेदाराच्या हुकमाने येशूलाही असेच मारले. देवाने माणसाचे पाप आणि दुःख इथे स्वतःवर घेतले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे काम सुरू झाले. या प्रोटेस्टंट परंपरेत क्रूस रिकामा असतो, कारण ख्रिस्त उठला आहे. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये त्यावर येशूची मूर्ती दिसते. ‘क्रूस उचलणे’ याचा अर्थ नशिबाचे भोग मुकाट सोसणे असा अनेकदा लावला जातो, तो चुकीचा आहे. निष्ठेपायी पडणारी किंमत जाणूनबुजून पत्करायची, आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार तीही रोज. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. तिकडे मात्र त्यांनी अंगावरच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे नाकारली. संस्कृत हवी, असे ठणकावले. ख्रिस्त स्वीकारूनही कोणाची ताबेदारी न स्वीकारणारा हा बाणेदारपणा मला फार मोलाचा वाटतो. – संपादक