सिकलसेल: तपासणी आधी, कायदा नंतर

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं की आईबापांच्या मनात पहिला प्रश्न आजाराचा नसतोच. "रिपोर्टमध्ये काही निघालं तर पोरीच्या लग्नाचं काय? पोराला भरतीत घेतील का?" लोकांना अडाणी म्हणून हसण्याआधी अमेरिकेत काय झालं ते बघा.

आधी एक फरक. आईवडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलं तर माणूस रुग्ण, म्हणजे एसएस. एकाकडूनच आलं तर तो वाहक, एएस. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तिथे सगळा घोळ झाला तो हाच फरक न कळल्यामुळे.

१९७० नंतर अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासणीची लाट आली. हेतू चांगलाच होता. मॅसॅच्युसेट्सने १९७१ मध्ये शाळकरी मुलांची चाचणी सक्तीची केली, मागोमाग इतर राज्यं. न्यूयॉर्कने तर लग्नाच्या परवान्यासाठीच चाचणी लावली. (कायद्याची भाषा अशी बेतली की रोख कृष्णवर्णीयांवर, पण त्यांचं नाव कुठे नाही!) काही कायद्यांत वाहक आणि रुग्ण यांची सरळ सरमिसळ होती. समुपदेशन नाही, गुप्ततेची हमी नाही. मग व्हायचं तेच झालं. धडधाकट वाहकांना विम्याचे जास्त हप्ते, कुठे नोकरीला नकार. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना प्रवेशच नव्हता. कोर्टात खटला गेल्यावर १९८१ मध्ये ते दार उघडलं.

१९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक ठेवायला सांगितलं. नोकरीत वाहकांशी भेदभाव करायचा नाही, असा कायदा नॉर्थ कॅरोलायनाने १९७५ मध्ये केला. तरीही बर्कलेच्या सरकारी प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची सिकलसेल चाचणी त्यांना न सांगता केल्याचं प्रकरण नव्वदच्या दशकात कोर्टात गेलंच.

देशभर लागू होणारा कायदा, 'जीना', आला २००८ मध्ये. लुईस स्लॉटर या महिला खासदार १९९५ पासून त्यामागे लागल्या होत्या. तेरा वर्षं! मतदानात मात्र सिनेटमध्ये ९५ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ४१४ विरुद्ध १. एवढं एकमत होतं तर इतका उशीर का, हे ज्याने त्याने समजावं. कायद्याच्या प्रस्तावनेतच सत्तरच्या दशकातल्या सिकलसेल प्रकरणाचा उल्लेख आहे. आणि भोकंही आहेत: आयुर्विमा त्यात नाही, पंधरापेक्षा कमी कामगार असलेला मालक त्यात नाही, सैन्य नाही.

आता आपल्याकडे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, लक्ष्य ७ कोटी लोकांची तपासणी. तपासणी हवीच, वाद नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची २५ टक्के शक्यता असते, ते आधी कळलेलं बरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार आहे, पण तो रुग्णासाठी. नुसत्या वाहकाला त्यात जागा नाही. विम्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या दाव्यात सांगितलं, की 'जनुकीय आजार' असा सरसकट शब्द पॉलिसीत घालून दावा नाकारणं घटनेच्या कलम १४ विरुद्ध आहे. हा निकाल विम्यापुरता. जनुकावरून नोकरी नाकारू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही, आणि गावोगाव कार्डं वाटली जात आहेत.