भोपाळला बदली झाली? घर बघायला मे महिन्यात जा

एप्रिल लागला की आमच्या पट्ट्यात ठरलेले फोन सुरू होतात. वरुड, मोर्शी, सौंसर, पांढुर्णा या भागातली बरीच मंडळी मध्य प्रदेशात नोकरीला आहेत. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी औषध कंपनीत. बदलीचा हंगाम आला की विचारणा होते, "भाऊ, भोपाळ बरं की इंदूर? पोरांना कुठं ठेवू? आईला कुठं मानवेल?"

भाडं किती, शाळा कोणती, स्टेशन किती लांब, हे सगळे विचारतात. हवापाण्याचा विषय मात्र "तिकडं आपल्यापेक्षा थंड आहे म्हणे" एवढ्यावर संपतो. आमच्या घरीही तसाच संपला होता. डिसेंबर २०२३ मध्ये दादाची भोपाळला बदली झाली. आम्ही दोघं भाऊ एका रविवारी गेलो, गुलाबी थंडीत तीन फ्लॅट पाहिले आणि त्यातला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा पसंत केला. उजेड भरपूर, वारा छान, भाडं खालच्या मजल्यापेक्षा कमी. भाडं कमी का, हे मी कॉमर्सचा पदवीधर असूनही विचारलं नाही. त्याचं उत्तर पुढच्या मे महिन्यात मिळालं, ते खाली येईलच.

सरकारलाही एका शहरात भागवता आलं नाही

नागपूरहून भोपाळला बिऱ्हाड हलवण्याचा प्रकार जुना आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबरला नवं राज्य झालं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी भोपाळला गेली. सचिवालयातल्या फायलींबरोबर नागपूरचे कारकून, अधिकारी आणि त्यांची कुटुंबंही निघाली. तेव्हाचं भोपाळ साधं जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं, ते सीहोर जिल्ह्यात मोडायचं. भोपाळ स्वतंत्र जिल्हा झाला तो १९७२ मध्ये. राजधानीसाठी जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर सगळेच अडून बसले होते, म्हणून वाटणी झाली. हायकोर्ट जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला. त्यात राजकारण होतं, पण नोकरदाराच्या दृष्टीनं त्याचा परिणाम आजही आहे. सरकारी किंवा वकिलीच्या कामात असाल तर या चारपैकी कुठंही जावं लागू शकतं, आणि या चारही शहरांची हवा एकमेकांशी जुळत नाही.

कुठं काय हवा

साधा हिशोब उंचीपासून सुरू होतो. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, भोपाळ सुमारे ५००, इंदूर ५५०, बैतूल आणि छिंदवाडा साडेसहाशेच्या वर. म्हणजे नागपूर सोडून भोपाळला गेलात तर उंचीमुळं मिळतो तो जेमतेम सव्वा अंश. दुपारी तो जाणवतही नाही. मे महिन्यात भोपाळचं कमाल तापमान सरासरी चाळीस-एक्केचाळीसच्या घरात असतं, लाटेच्या दिवसांत पंचेचाळीसपर्यंत जातं.

खरा फरक रात्रीत आहे. नागपूरची मे महिन्यातली रात्र सरासरी २८ अंशांच्या आसपास, भोपाळची २६, इंदूरची त्याहून थोडी कमी. माळव्याच्या पठारावर संध्याकाळनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. 'शब-ए-मालवा' म्हणून त्या रात्रींचं जे कौतुक होतं, ते उगीच नाही. म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला दिवसाच्या उन्हापेक्षा न निवणारी रात्र जास्त छळते. दिवसभर तापलेलं शरीर रात्री थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं. म्हणून दोन शहरांची तुलना करताना कमाल तापमानाचा आकडा बाजूला ठेवा आणि मे-जूनचं किमान तापमान बघा. हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात ते छापलेलं असतं, वाचत कोणी नाही.

ग्वाल्हेर उंचीनं दोनशे मीटरच्या आसपास आणि राजस्थानच्या तोंडावर. उन्हाळ्यात तिथं खरी 'लू' चालते. जानेवारीत रात्र सात अंशांपर्यंत उतरते, धुक्यानं गाड्या तासन् तास अडकतात, आणि कित्येकदा दिवसभर सूर्य दिसत नाही. मराठी माणसाला ते शहर परकं नाही, शिंद्यांच्या काळापासूनची घरं तिथं आहेत. पण ज्यांच्या घरी दम्याचा किंवा संधिवाताचा माणूस आहे त्यांनी ग्वाल्हेरला जाण्याआधी दोनदा विचार करावा. मी तर तीनदा म्हणेन.

जबलपूरकडे पाऊस जास्त, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर. मंडला, बालाघाट त्याहून ओले. गोंदियाच्या माणसाला त्यात नवीन काही नाही, आणि गोंदिया-जबलपूर ब्रॉडगेज झाल्यापासून तिकडची सोयही झाली आहे. फक्त मंडल्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, तेव्हा गावाकडे घर घेणाऱ्यानं हातपंपाचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

निमाड, म्हणजे बुऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, हे जळगावचंच भावंड. सखल आणि तापट. राज्यातल्या सगळ्यात गरम ठिकाणांत खरगोनचं नाव दरवर्षी असतं. बुऱ्हाणपूरला मराठी बोलता येतं, केळी आहेत, रावेर हाकेच्या अंतरावर आहे, पण थंडाव्यासाठी कोणी तिकडं जात नाही.

पचमढीचं स्वप्न बरेच जण बघतात. उंची हजार मीटरवर, हवा सुरेख. मात्र ते छावणीचं आणि राखीव जंगलाचं गाव. चार दिवस राहायला जा, बिऱ्हाड घेऊन जाऊ नका.

कूलर पाणी पितो, हे विसरू नका

आता भोपाळचं. हे शहर तलावांचं, त्यामुळं पाण्याची चिंता नाही असं बाहेरच्याला वाटतं. मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजानं बांधवला असं मानतात, आणि आजही शहराचा काही भाग त्याचंच पाणी पितो. बाकी पाणी कोलार धरणातून आणि नर्मदेतून येतं. शहर म्हणून भोपाळकडे पाणी आहे. तुमच्या कॉलनीत आहे का, हा वेगळा प्रश्न. कोलार रोड, नर्मदापुरम रोड, अयोध्या बायपास या बाजूंना गेल्या वीस वर्षांत कॉलन्या भराभर उठल्या. त्यातल्या काहींत नळ आहे, काही बोअरवर आणि टँकरवर चालतात. बोअर डिसेंबरात भरभरून देतो आणि एप्रिलच्या मध्यात घशात घरघर करतो.

याचा उन्हाशी थेट संबंध आहे. आपल्याकडची कुटुंबं उन्हाळा काढतात ती कूलरवर. भोपाळची मे महिन्यातली हवा कोरडी असते, त्यामुळं कूलर तिथं उत्तम चालतो. पण मोठा लोखंडी कूलर भर उन्हात दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी सहज पितो. दोन खोल्यांत दोन कूलर लावले तर चारशे लिटर. एक दिवसाआड नळ येणाऱ्या घरात हे कुठून आणायचं? मग कूलर कोरडा फिरवायचा, म्हणजे गरम वारा अंगावर घ्यायचा. थोडक्यात, पाण्याची तंगी असलेलं घर दोन अंशांनी जास्तच गरम धरून चाला. एसी लावला तर पाणी लागत नाही, विजेचं बिल लागतं, तो हिशोब ज्याचा त्यानं करावा.

दादाच्या घरी नेमकं हेच झालं. वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, बेडरूमची भिंत पश्चिमेला. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्री नऊनंतर ती उष्णता खाली सोडायचा. बाहेर वारा सुटलेला आणि आत भट्टी. खिडक्या अशा की कूलर बसवायला जागा नाही. बसवला तर हवा बाहेर जायला वाट नाही, त्यामुळं खोलीत नुसता दमटपणा. सोसायटीचा बोअर मे महिन्यात बसला. नवतपा लागला, २०२४ चा तो शेवटचा आठवडा अनेकांना आठवत असेल, आणि चौथ्या रात्री आईला भोवळ आली. वय ७४. सोडियम उतरलं होतं. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, त्यातून ती सावरली. घरमालकानं हे आधी सांगायला हवं होतं असं वहिनीचं आजही म्हणणं आहे. माझं म्हणणं, आम्ही विचारायला हवं होतं.

गॅसकांडाचा भाग

भोपाळला घर बघताना एक गोष्ट दलाल स्वतःहून सांगणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या युनियन कार्बाइड कारखान्यातून वायू सुटला, त्याच्या आसपासच्या वस्त्यांतलं भूजल दूषित असल्याचं अनेक तपासण्यांत आढळलं आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर तिथं नळानं स्वच्छ पाणी देण्यात आलं. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला आणि तिथं जाळला. जमिनीत मुरलेलं मात्र तिथंच आहे. याचा अर्थ अख्खं भोपाळ टाळा असा होत नाही. शहर पसरलेलं आहे, टीटी नगर, अरेरा कॉलनी, भेलचा भाग कारखान्यापासून बराच लांब आहे. करोंदच्या बाजूला, कारखान्याजवळ स्वस्त घर मिळत असेल तर पाणी नळाचं की बोअरचं, एवढं विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

छातीचा त्रास असलेल्यांसाठी आणखी एक. भोपाळच्या चारी बाजूंनी, सीहोर, विदिशा, रायसेन, नर्मदापुरमकडे, गव्हाचं मोठं पीक आहे. कापणीनंतर एप्रिलमध्ये शेतात खुंट जाळतात, तिकडं त्याला 'नरवाई' म्हणतात. मनाई आहे, तरी जाळतात. त्या दिवसांत संध्याकाळी धुराचा वास शहराच्या कडेच्या कॉलन्यांत येतो.

बघायला गेलात की

दुपारी तीन ते पाचमध्ये जा आणि तेच घर रात्री दहाला पुन्हा बघा. छताला हात लागत नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला लावा. वरच्या टाकीचं पाणी नळातून कसं येतं ते बघा. पाण्याबद्दल दलालाला विचारू नका, खालच्या किराणावाल्याला विचारा, टँकर कितीदा येतो हे त्याला माहीत असतं. शक्यतो मधला मजला घ्या. वरचाच घ्यावा लागला तर गच्चीला चुना किंवा पांढरा रंग मारून देणार का, हे करारात लिहून घ्या. नाल्याच्या काठाचं घर असेल तर शेजाऱ्यांना पावसाळ्याचं विचारा. ऑगस्ट २००६ मध्ये भोपाळच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं. आणि विकत घेण्याआधी एक उन्हाळा भाड्यानं काढा.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिकडं सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि फेरफाराच्या जागी नामांतरण. शाळा-योजनांसाठी समग्र आयडी लागतो, तो गेल्या गेल्या काढा. शाळेचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळं जूनमध्ये पोचलेल्या मुलाचा महिनाभराचा अभ्यास बुडालेला असतो. महाराष्ट्रातलं जात प्रमाणपत्र मध्य प्रदेशच्या राज्य आरक्षणात चालत नाही, इकडं येणाऱ्यांनाही तोच नियम. या एका गोष्टीवर आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांचे प्रवेश हुकलेत. बारावीच्या आधीच्या दोन वर्षांत बिऱ्हाड हलवताना याचा विचार आधी करा, हवेचा नंतर.

मराठीची काळजी करणाऱ्यांना इंदूर सगळ्यात सोपं. नाटकं, व्याख्यानं, दिवाळी अंक सगळं तिथं आहे, आणि २००१ चं साहित्य संमेलनही तिथंच झालं होतं. भोपाळलाही मंडळं आहेत, गणपती दणक्यात होतो. मुलं शाळेत हिंदीच बोलतील, घरी तुम्ही काय बोलता त्यावर पुढचं.

आई दवाखान्यातून सुटल्यावर पांढुर्ण्याला माझ्याकडे आली. दादानं नंतर टीटी नगरात तळमजल्याचं घर घेतलं, नळाचं पाणी, अंगणात कडुनिंब. पण आई अजून तिकडं जायला तयार नाही. दादा दर पंधरवड्याला शनिवारी गाडीनं येतो, रविवारी रात्री परततो. आता त्यानं बैतूलसाठी अर्ज टाकलाय. उंची जास्त, रात्री थंड आणि पांढुर्ण्याहून गाडीनं दोन तासांच्या आत. घर अजून पाहिलेलं नाही. २५ मे नंतर जायचं ठरलंय, दुपारच्या गाडीनं, आईला घेऊन.