पंधरा रुपयांचा उतारा

सातबारा म्हटले की मला तलाठी कार्यालयाबाहेरचा लाकडी बाक आठवतो. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे कितीदा तरी बसलो आहे. उताऱ्याची सरकारी फी अगदी किरकोळ. पण "भाऊसाहेब पंचनाम्याला गेलेत, उद्या या," असे ऐकून परत फिरले की त्या दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि शेवटी चहापाणी असा हिशेब वाढत जाई. सरकारच्या कुठल्याच वहीत तो कधी लिहिला गेला नाही.

जमीन कोणाची, हे गाव नमुना सात सांगतो. तिच्यात काय पिकते, हे बारा. पीककर्ज असो वा कोर्ट, या कागदावाचून पान हलत नाही.

१९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने देशातील आठ जिल्ह्यांत जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायला सुरुवात केली. त्यात आपला वर्धा जिल्हा होता. पण पुढे कितीतरी वर्षे हाती लिहिलेला उतारा आणि संगणकावरचा उतारा शेजारी शेजारी नांदले. दोन चुली पेटत्या ठेवल्यावर सरपण वाचणार कसे?

कर्नाटकाने जुनी चूल विझवली. तिथल्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात गेले आणि २००२ पर्यंत हस्तलिखित उतारा बाद झाला. फी दोन रुपयांवरून पंधरावर गेली, तरी लोक रांगा लावून घेत. कारण उघड होते. मधला खर्च गेला होता. मात्र उतारा आता गावात नव्हे, तालुक्याला मिळू लागला. नऊ हजारांच्या आसपास ग्रामलेखापालांचे काम १७७ केंद्रांवर आले. वाचलेल्या पैशांतून प्रवासाचे पैसे वजा करायलाच हवेत. कौतुकाच्या भरात ते राहून जाते.

आपल्याकडे २०१७ मध्ये चावडीवाचन करून चुका शोधल्या गेल्या आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. पुढे त्याचीही फी पंधरा रुपयेच ठरली. सही-शिक्क्याची गरज उरली नाही. पण जुन्या वहीतली चूक संगणकातही तशीच उतरते आणि ती दुरुस्त करायला तहसीलदारांचा आदेश लागतो.

आमच्या उताऱ्यात काकांच्या नावातली एक वेलांटी चुकली होती. उतारा पाच मिनिटांत हातात आला. वेलांटीसाठी तालुक्याला चार हेलपाटे झाले.