पाऱ्याने दिलेली साक्ष

कीटकांवरून गुन्ह्याचा माग काढण्याची कथा १२४७ सालच्या चिनी न्यायाधिकारी सोंग त्स याच्या ग्रंथापासून सुरू होते आणि १८९४ सालच्या मेन्यँच्या फ्रेंच ग्रंथाशी येऊन ठेपते. तिच्यातली सगळ्यांत चमत्कारिक शाखा म्हणजे अळीच्याच अंगात विष शोधणे. तिची सुरुवात सहसा १९८० पासून धरतात. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रकरणात तरुणीचा जवळजवळ सांगाडाच उरला होता, तपासायला रक्त नव्हते, म्हणून अळ्या तपासल्या आणि त्यांत फेनोबार्बिटल हे झोपेचे औषध निघाले. मला ही वंशावळ पटत नाही. मूळ पुरुष शोधायचा तर फिनलंडला जावे लागते. हेलसिंकीचे पेक्का नुओर्तेवा प्रदूषित पाण्यातल्या माशांमधला पारा माश्यांच्या अळ्यांत आणि पुढे त्यांना खाणाऱ्या किड्यांत कसा उतरतो, हे अभ्यासत होते. इंको या गावी अनोळखी स्त्रीचे प्रेत सापडले, तेव्हा त्यांनी त्यावरच्या अळ्या वाढवून माश्यांमधला पारा मोजला. तो फार कमी निघाला, म्हणजे बाई कमी पाऱ्याच्या भागातली असावी. ओळख पटली तेव्हा ती तुर्कूची विद्यार्थिनी निघाली. तो भाग तुलनेने पारामुक्तच. हे प्रकरण १९७७ साली छापून आले. यावर आक्षेप येईल की नुओर्तेवांनी खुनाचे विष शोधले नव्हते, राहण्याचा मुलूख शोधला होता. खरे आहे. पण प्रेतातले रसायन अळीत टिकते आणि ते वाचता येते, हे मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच, आणि ते प्रदूषणाच्या अभ्यासातून आले. विषशास्त्रज्ञांनी पुढे ते औषधांना लावले.

खरी पंचाईत पुढची आहे. अळीत विष उतरते, तसे ते तिची वाढही बदलते. अमेरिकेतील स्पोकेन येथील खुनाच्या प्रकरणात प्रेतावरच्या बहुतेक अळ्या ६ ते ९ मिलिमीटरच्या, म्हणजे आठवडाभराच्या वाटत होत्या, एकच १७.७ मिलिमीटरची होती आणि ती तीन आठवड्यांचा हिशेब सांगत होती. कीटकशास्त्रज्ञ ली गॉफ यांनी हवाईत सशांवर केलेल्या प्रयोगांत कोकेनमुळे अळ्या झपाट्याने वाढताना दिसल्या होत्या, त्यामुळे उलगडा झाला: मृत स्त्रीने कोकेन हुंगले होते आणि ती अळी नाकाच्या भागात पोसली होती. होनोलुलूत उलटे घडले. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाच्या प्रेतावरच्या अळ्या पाच दिवसांच्या ठरत होत्या, पण तो आठ दिवसांपूर्वीच शेवटचा दिसला होता. कीटकनाशकाने माश्यांची अंडी घालणेच लांबवले असावे.

मग प्रत्येक विषासाठी एक ठराविक वजाबाकी का नको? कारण हेरॉइनचे शरीरात मॉर्फिनच होते, तरी गॉफच्या माशीच्या अळ्या हेरॉइनने लवकर वाढल्या, फ्रान्समधल्या लीलच्या संशोधकांच्या ल्युसिलिया माशीच्या मॉर्फिनने रेंगाळल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅलिफोरा माशीच्या अळ्यांवर मॉर्फिनचा परिणामच झाला नाही. माझ्या मते फरक माशीच्या जातीत आहे. एका जातीचे कोष्टक दुसरीला लावणे घोडचूक ठरेल. त्यामुळे अळी कोणत्या जातीच्या माशीची, ती प्रेताच्या कोणत्या भागातून उचलली आणि तिच्यात कोणते रसायन निघाले, याची नोंद नसेल, तर अळीच्या वयावरून काढलेली मृत्यूची वेळ न्यायालयाने निर्णायक पुरावा म्हणून मानू नये.