तेच सोंग, नवे खांदे

२००९ सालच्या उन्हाळ्यात जपानी प्रेक्षक एका अॅनिमे मालिकेवर असे संतापले की त्या रागाची चर्चा आजही होते. ‘सुझुमिया हारुही’ ही मालिका २००६ मध्ये आली तेव्हा लोकांनी ती डोक्यावर घेतली होती. तीन वर्षांनी तिचे नवे भाग सुरू झाले आणि त्यात ‘एंडलेस एट’ नावाची आठ भागांची एक कथा होती. उन्हाळी सुटीचे शेवटचे दोन आठवडे संपतच नाहीत, सुटी पुन्हा आरंभाशी येऊन थांबते, एवढेच त्या कथेचे सूत्र. जूनपासून ऑगस्टपर्यंत आठ आठवडे प्रेक्षकांनी तोच पोहण्याचा तलाव, तोच सणाचा नाच, तेच फटाके आणि जवळजवळ तेच संवाद पाहिले. शेवटी कळते की ही सुटी १५,५३२ वेळा येऊन गेली आहे. लोकांची तक्रार साधी होती: पुढचे म्हणून मागचेच वाढले. उत्तरभागाने निराशा केली की जगभर हाच आरोप होतो, आणि त्यामागे एक गृहीतक असते, की पुन्हा तेच करणे हाच मुळी दोष. हे गृहीतक कितपत टिकते ते पाहायचे तर जव्हार-मोखाड्याकडे वळावे. तेथे तीच गोष्ट दर वर्षी तशीच सादर करण्याची जुनी रीत आहे आणि ती ज्यांची आहे त्यांना तिच्यात उणेपणा वाटत नाही.

शिमगा झाला की पालघर जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत बोहाड्याचे दिवस सुरू होतात. कोठे तो लगेच होतो, कोठे चैत्रात, कोठे वैशाखात अक्षय्यतृतीयेच्या सुमारास. घाटावरच्या पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यातही तो आहे. कोणी त्याला भोवाडा म्हणतात, कोणी आखाडी. मोखाड्यात तो जगदंबेचा उत्सव असतो. रात्री गावाच्या रस्त्यावर टेंभे पेटतात, संबळ आणि पिपाणी सुरू होते आणि एकेक सोंग नाचत पुढे येते. आरंभी गणपती, मग मोरावर बसलेली शारदा. पुढे रात्रभर राम-लक्ष्मण, मारुती, भीम, नरसिंह, रावण, वेताळ अशी रांग लागते. पहाटेच्या सुमाराला देवी आणि म्हैसासुर समोरासमोर येतात, झुंज होते आणि म्हैसासुर पडतो. तो मागच्या वर्षीही पडला होता, पुढच्या वर्षीही पडणार आहे. ‘आता काय होणार’ ही उत्कंठा येथे नसतेच. लिहिलेली संहिता नाही, आणि ती कोणाला लागतही नाही, कारण पाहणाऱ्या पोरालासुद्धा गोष्ट ठाऊक असते. तरीही माणसे लांबच्या पाड्यांवरून चालत येतात आणि रात्र जागून काढतात.

ती का येतात याचे सोपे उत्तर ‘श्रद्धा’ असे देता येईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बोहाड्यात सोंग आणि सोंग घेणारा अशी दोन पात्रे एकाच वेळी समोर असतात. मुखवटा कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा. जव्हार तालुक्यातल्या रामखिंडसारख्या गावात मुखवटे घडवणारी घरे आहेत. असा मुखवटा वर्षानुवर्षे जपून ठेवतात, उत्सवाआधी रंगाचा हात देतात, पूजा करतात आणि मगच चेहऱ्यावर चढवतात. त्याला असतात दोन लहान भोके. त्यांतून टेंभ्याच्या उजेडात पायापुढचे फारसे दिसत नाही. मोठ्या सोंगाचे ओझे मानेवर आणि खांद्यावर येते, घाम मुखवट्याच्या आत साचतो, आणि तशाही अवस्थेत पाय संबळाच्या ठेक्यावर पडावे लागतात. त्या पायांवरून, चालीवरून गाव माणूस ओळखते. अनेक ठिकाणी अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे असतो. म्हणून लोक रावणाबरोबर रावणाखालचा माणूसही पाहत असतात. बापाच्या जागी आज मुलगा उभा आहे, त्याला ते ओझे पेलते की नाही, याकडे साऱ्यांचे लक्ष असते. गोष्ट पुढे सरकत नसली तरी गाव पुढे सरकलेले असते.

या पुढे सरकण्याला जव्हार-मोखाड्यात फार कठोर अर्थ आहे. भात, नाचणी, वरई यांवर वर्षभराचे पोट भरत नाही. दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. शिमगा हा परतीचा सण. म्हणजे बोहाडा येतो तो पांगलेले गाव पुन्हा गोळा होते तेव्हा. दोन बोहाड्यांच्या मध्ये कोणी गेलेले असते, कोणाच्या घरी पाळणा हललेला असतो, कोणी भट्टीवरून हात भाजून परतलेला असतो. वर्ष बदलले हे कळायला काहीतरी न बदललेले समोर असावे लागते, आणि बोहाडा ते काम करतो. या मुलखात बदल काही थोडे झाले नाहीत. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तालुके ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेले. राज्यकर्ते बदलले, कचेरीचा पत्ता बदलला. गणपतीने सुरू होणारी आणि देवीच्या झुंजीपाशी संपणारी रात्र मात्र माणसांनी हातातून सुटू दिली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बोहाडा तरी कोठे तोच राहिला आहे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझे म्हणणे बळकटच होते. बोहाड्याच्या रांगेत रामायण-महाभारतातली पात्रे आहेत तसा वेताळही आहे. आधी गणपती आणि मग शारदा हा आरंभ तर कोकणातल्या दशावताराच्या आरंभाशी नाते सांगतो. म्हणजे आज जे ‘तेच’ वाटते त्यात अनेक ठिकाणांहून आलेले एकत्र नांदते आहे. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी अशा अनेक समाजांच्या गावांतून ते वाढले. पण नवे आले ते जुन्याच्या रांगेत उभे राहून आले, आणि त्यालाही कोणातरी माणसाने अंगावर घेतले तेव्हाच ते टिकले. पुनरावृत्ती जिवंत आहे की मेलेली, हे ठरवताना किती बदलले ते मोजून भागत नाही. ती आता कोणाच्या अंगावर आहे आणि तिच्याबद्दल उत्तर द्यायला कोण बांधलेला आहे, हे पाहावे लागते.

याच मुलखातले दुसरे उदाहरण हा फरक आणखी स्पष्ट करते. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की भिंतीवर चौक लिहितात. भिंत सारवून घेतात, तांदळाच्या पिठात पाणी कालवतात, बांबूच्या काडीचे टोक चेचून त्याची कुंचली करतात आणि सवाशिणी त्या चौकात पालघट देवी काढतात. लग्न लावणारी स्त्री म्हणजे धवलेरी, ती गाण्यांनी लग्न लावते. हा चौक घराघरात, पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा काढला गेला. लग्न झाले की त्याचे काम संपे. तो जपून ठेवण्यासाठी नव्हताच, कारण पुढच्या लग्नाला दुसऱ्या सवाशिणी नवा चौक काढणारच असत. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती लग्नाच्या चौकटीतून बाहेर काढून रोजच्या जगण्याकडे नेली. मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच या साऱ्यांत त्यांनी रेषेला हालचाल दिली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. त्यांनी पुनरावृत्ती मोडली, तरी ती मोडणारा माणूस तिच्यासह उभा होता. प्रश्न त्यानंतरचा आहे. आज कपांवर, चादरींवर, हॉटेलच्या भिंतींवर तारप्याचे तेच वर्तुळ छापलेले दिसते. चौक शतकानुशतके काढूनही शिळा झाला नाही आणि हे वर्तुळ पन्नास वर्षांत शिळे झाले. दोन्हींत पुनरावृत्ती आहे. पण चौक म्हणजे काढण्याची कृती पुन्हा करणे, आणि छापलेले वर्तुळ म्हणजे दुसऱ्याच्या कृतीचे फळ पुन्हा उचलणे. चौकाखाली कोणाचे तरी लग्न लागणार असते. कपावरच्या वर्तुळाखाली कोणाचेच काही लागत नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच काळजीपोटी, की ज्या हातांची ही कला आहे ते हात चित्रातून पुसले जाऊ नयेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोहाडा विधी आहे, अॅनिमे करमणूक आहे, मग एकाच्या मापाने दुसरे कसे मोजायचे? पण जपाननेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही रीत मध्ययुगातल्या युद्धांच्या काळात खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, आणि २०१३ मध्ये हे मंदिर ६२व्यांदा बांधले गेले. वीस वर्षांत सुतारांची एक पिढी हाताखाली शिकून तयार होते आणि पुढच्या खेपेला तीच पिढी शिकवते. इसेच्या मंदिरात लाकडाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले कसब. करमणुकीच्या जगातही हेच दिसते. एकाच रागाची तीच बंदिश गुरूनंतर शिष्य गातो तेव्हा ‘पुन्हा तेच’ म्हणून कोणी उठून जात नाही. तेव्हा रेघ विधी आणि करमणूक यांच्यामध्ये ओढण्याचे कारण नाही. ती ओढावी लागते हस्तांतर आणि वसुली यांच्यामध्ये. हस्तांतरात जुने काम नव्या माणसाला सोपवले जाते, आणि तो ते पेलतो की नाही ही जोखीम असते. वसुलीत जुन्या यशाच्या नावावर तेच लोक पुन्हा दारात उभे राहतात, आणि त्यांनी या वेळी कोणते ओझे घेतले ते काही दिसत नाही.

येथे ‘एंडलेस एट’ची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्या आठ भागांत आळस नव्हता. प्रत्येक भाग क्योतो अॅनिमेशनने नव्याने चितारला होता, कपडे आणि दृश्यांचे कोन बदलले होते, संवादसुद्धा पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. मग केवळ मेहनत पुरेशी का ठरली नाही? माझ्या मते याचे कारण दोन आवर्तनांमधल्या मोकळ्या जागेत आहे. बोहाड्याच्या दोन रात्रींमध्ये एक अख्खे वर्ष असते, पीक, स्थलांतर, मरण, जन्म यांनी भरलेले. आठ भागांच्या मध्ये फक्त आठवडा होता, आणि त्या आठवड्यात कोणाला काहीच सोपवले गेले नव्हते. त्या कथेत सारी आवर्तने आठवणारी एकच मुलगी आहे, नागातो युकी. तिचे ओझे खरे आहे, आणि काही प्रेक्षक त्याच ओझ्यासाठी या भागांची कदर करतात. पण ते ओझे तिच्या शांत चेहऱ्याआड राहिले आणि बहुतेकांपर्यंत पोहोचले नाही. मुखवट्याखालची मान दिसली असती तर तीच पुनरावृत्ती कदाचित वेगळी वाटली असती.

तिसरा आक्षेप पैशाचा. उत्तरभाग चालला तर स्टुडिओतल्या माणसांचा पगार निघतो, आणि चादरीवरच्या वर्तुळातूनही कोणाची तरी चूल पेटते, मग त्याला नाक का मुरडावे? नाक मुरडू नयेच. ज्या मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या माणसाला कमाईवरून उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मराठीत म्हणतातच, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. पण हाच व्यवहार पुढे नेऊन विचारावे: ती कमाई सोंग घेणाऱ्यापर्यंत आणि चौक काढणारीपर्यंत पोहोचते का? पोहोचत असेल तर ते हस्तांतर आहे आणि त्याचे स्वागत करावे. बोहाड्याची रात्र पंधरा मिनिटांत आटपून मंचावर दाखवायची, मुखवटा भाड्याने आणायचा आणि तो कोणाच्या घराचा मान आहे हे निवेदनातही सांगायचे नाही, असे झाले तर तो बोहाड्याचा निकृष्ट उत्तरभागच ठरेल. मुखवटा तोच राहील, आणि पाहणाऱ्याला ‘मागे पाहिले तेच’ एवढेच वाटेल, कारण खांदे त्याच्यापासून लपवलेले असतील.

जव्हार-मोखाड्याच्या या रीतीपासून पुनरावृत्तीविषयी एक नेमका प्रश्न शिकण्यासारखा आहे. गोष्ट जुनी का, असे विचारण्याऐवजी या खेपेला ती कोणी घेतली, असे विचारावे. बोहाडा संपला की मुखवटे पुन्हा घरात जातात. दिवस उन्हाचे असतात, राब भाजून झालेले असतात किंवा व्हायचे असतात, आणि थोड्याच आठवड्यांत पावसाची चाहूल लागते. वर टांगलेला रावण वर्षभर तसाच राहतो, त्याच डोळ्यांचा, त्याच रंगाचा. खाली अंगणात मात्र ज्याच्या मानेवर तो उद्या यायचा आहे तो पोरगा वाढत असतो, आणि कधीतरी कोणी पाहत नसताना तोंडाने संबळाचा बोल म्हणत पाय टाकून बघतो. त्याच्यासाठी तरी तो बोहाडा पहिलाच असणार आहे.