मावळ व लोणावळा परिसरातील स्निग्ध आहार आणि आरोग्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आहारातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण प्रदेशपरत्वे बदलते. मात्र असा भेद एकाच तालुक्यातही निर्माण होऊ शकतो. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळा शहर यांच्या आधारे या भेदाची ऐतिहासिक कारणे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डोंगर आणि बाजारपेठ :
मावळ हा अतिपावसाचा भातपट्टा होय. येथील डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी यांच्या जोडीने कारळा अर्थात खुरासणी हे तेलबियांचे पीक घेतले जाई. तेल घाण्यावरून घरात येत असल्याने त्याचा वापर पिकाच्या मर्यादेतच राही. १८६३ मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग सुरू झाला व लोणावळा मुंबईशी जोडले गेले. पुढे शेंगदाणा व गूळ यांची चिक्की ही शहराची ओळख ठरली. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. १९३७ मध्ये ‘डालडा’ वनस्पती तूप बाजारात आले, तर १९९० च्या दशकानंतर आयात पामतेलाचा वापर वाढला. परिणामी तेलाचा वापर पिकाऐवजी क्रयशक्तीवर अवलंबून राहू लागला.

आरोग्यविषयक विचार :
डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांवरील आपला अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तरेकडील कर्मचाऱ्यांच्या आहारात प्रामुख्याने दुग्धजन्य स्निग्धांश कितीतरी अधिक होता; तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दक्षिणेत सुमारे सातपट आढळले. त्यावरून केवळ स्निग्धांशाच्या प्रमाणावरून आरोग्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हे स्पष्ट होते. स्निग्धांशाचा प्रकार, श्रम व एकूण आहार यांचाही विचार आवश्यक ठरतो.

निष्कर्ष :
डोंगराळ मावळातील अल्प तेलवापरास केवळ आदर्श आहारपरंपरा मानणे योग्य नाही. त्यामागे टंचाईही होती. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ उष्मांक मिळतात आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठीही तो आवश्यक असतो. त्यामुळे ‘तेल कमी खा’ हा सल्ला लोणावळ्यातील बैठ्या व्यवसायातील कुटुंबास हितावह ठरला, तरी कष्टकरी पाड्यावरील कुपोषित बालकास अपायकारक ठरू शकतो. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली. हा नियम सर्वांना समान असणे उचितच आहे. आहाराचा सल्ला मात्र तालुक्याची सरासरी पाहून नव्हे, तर गाव व व्यवसाय पाहून दिला जाणे गरजेचे आहे.