बंदुकीचा नळीव्यास
बंदुकीचा नळीव्यास : (बोअर). बंदुकीच्या नळीतील पोकळीचा व्यास. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत तो शिशाच्या वजनावरून सांगतात. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी तोलून अशा किती गोळ्या एका पौंडात (४५३·६ ग्रॅ.) भरतात, हे काढले की बोअर कळतो, हे माप घरच्या तराजूवरही निघे. बारा बोअरची गोळी ३७·८ ग्रॅ. वजनाची व सु. १८·५ मिमी. व्यासाची असते. आकडा वाढला की नळी अरुंद होते. रायफलीचा व्यास मात्र इंचांत देतात. ०·३०३ इंच म्हणजे ७·७ मिमी.

आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत १९४३–४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले होते. साहजिकच भूमिगतांना शस्त्रे मिळतील तेथून जमवावी लागली. काही गोव्यातून आणली गेली. अशा सरमिसळ साठ्यात नळी व काडतूस यांचा मेळ हा जिवाचा प्रश्न असतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते. त्यामागे बारा बोअरचे भरून बार काढल्यास नळी फुटून चालविणाराच जायबंदी होतो.